डायलवरचे सोळा

मी वजने तपासते. माणसांची नव्हे, वजनांची. हे दुसरे वाक्य लगेच जोडले नाही तर समोरची बाई पोट आत ओढून घेते आणि भात बंद करू का, असे विचारते. दुकानदाराच्या तराजूतले किलोचे वजन खरोखर किलोचे आहे का, हे कोणीतरी पाहते. त्या कोणाची वजने बरोबर आहेत का, हे आणखी कोणीतरी पाहते. आणि त्या आणखी कोणाची वजने आमच्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलावर येतात. थोडक्यात, किलोच्या बाबतीत माझ्यापुढे अपील नाही. घरात मात्र मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट अपिलात जाते आणि तिथे निकाल द्यायला सासूबाई बसलेल्या असतात.

माझ्या टेबलावर येणारे सर्वांत मोठे वजन वीस किलोचे. चकचकीत, गोल, डोक्यावर बोंड असलेले, एखाद्या गर्विष्ठ माणसासारखे. ते हातमोजे घालून दोन्ही हातांनी उचलायचे आणि आवाज न करता तराजूच्या पाटावर बरोबर मध्यभागी ठेवायचे. जरा जरी आपटले तर तराजू रुसतो आणि दिवसभर खरे बोलत नाही. हे काम मी वर्षानुवर्षे केले. मग माझा डावा खांदा आखडला. वेणी घालता येईना, तिथे वीस किलोची काय कथा! तेव्हापासून ते वजन माझा सहकारी उचलू लागला. माझ्याहून बराच लहान, जुळ्या मुलींचा बाप, दोघींना दोन काखांत मारून जिने चढणारा गृहस्थ. मी हात पुढे केला की तो म्हणे, ‘‘मॅडम, राहू द्या.’’ खांदा बरा झाला तरी त्याचे ‘राहू द्या’ बरे होईना. पुढे पुढे मी पाण्याची बाटली उचलली तरी तो अर्धा उठू लागला. मी मनातल्या मनात त्याचे नावच राहूद्या ठेवले.

आता आमच्याकडे दर काही वर्षांनी बाहेरून परीक्षक येतात. अहवालावर जो सही करतो त्याने ते काम स्वतःच्या हातांनी करून दाखवायचे असते. परीक्षक यायचे ठरले तेव्हा साहेबांनी मला बोलावले आणि फार प्रेमाने म्हणाले, ‘‘मी काय म्हणतो, दहा किलोपर्यंत तुमची सही ठेवू. त्यापुढे तुमच्या सहकाऱ्याची. तुम्हालाही त्रास नको.’’

मी शांत बाई आहे, म्हणून मी फक्त ‘‘बरं’’ म्हटले. शांत माणसाचे ‘बरं’ कसे ऐकावे, हे कुठेतरी शिकवायला हवे. ज्या वजनाला मी इतकी वर्षे अंगाखांद्यावर खेळवले, त्याच्यावर आता राहूद्याची सही! दारापाशी पोहोचल्यावर मी वळून म्हणाले, ‘‘साहेब, नाव परीक्षेच्या दिवशी कापा. आधी नको.’’

खांद्याच्या डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला. ‘‘खांदा केव्हाच सुटलाय. आता नुसते लाड चाललेत. डंबेल घ्या. हलक्यापासून सुरू करा, थोडं थोडं वाढवत न्या.’’

थोडे थोडे वाढवत न्यायचे डंबेल! शोधू लागले तर कळले की जगात अशी वस्तू खरोखर आहे. एकच मूठ; तिला हव्या तेवढ्या चकत्या अडकवायच्या, नको त्या खाली ठेवायच्या. म्हणजे वजनांची अख्खी पेटी एका मुठीत! माझ्या अंगावर काटा आला. दागिन्यांच्या दुकानात बायकांचे डोळे कसे होतात ते मी फक्त पाहिले होते. त्या संध्याकाळी ते माझेही झाले असणार, कारण नवऱ्याने पेपर खाली ठेवून विचारले, ‘‘काय गं, ताप आहे का?’’

मी त्याला समजावून सांगितले. तीन जाती असतात. एकीत चकत्या चढवून बाहेरून नट आवळायचा, दुसरीत पिन सरकवायची, तिसरीत टोकाला असलेला डायल फिरवायचा आणि उचलायचे, की आकड्याएवढ्याच चकत्या बरोबर येतात, बाकीच्या खालच्या खोबणीत बसून राहतात. नवरा विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू त्याला ती कोणाच्या पायावर पडली यावरून ओळखू येते.

‘‘नटवालं नको,’’ तो म्हणाला. ‘‘नट ढिला होतो. अंगठा जातो.’’

‘‘पिनवालं?’’

‘‘पिन हरवते. मग माणूस तिथे खिळा घालतो. दावा नामंजूर.’’

‘‘आणि डायलवालं?’’

‘‘त्याचा अजून एकही आला नाही,’’ तो जरा निराश होऊन म्हणाला.

ठरले! डायलवाले.

सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या, याचा अर्थ त्या ऐकत होत्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. पूर्वी परगावी फोन करायचा तर मधल्या बाईला सांगून जोडून घ्यावा लागे आणि तीन मिनिटे झाली की बोलण्यात तिचा आवाज यायचा: तीन मिनिटं झाली, वाढवायची का? तो आवाज म्हणजे आमच्या सासूबाई. खाते बदलले, यंत्रे बदलली, पण सासूबाईंनी लोक जोडून देणे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी माझा पहिला चहा संपायच्या आत इमारतीत सर्वांना कळले की चौथ्या मजल्यावरची सून घरात जिम काढते आहे.

पहिले आले पूलकाका. हे आमच्या बरोबर खाली राहतात आणि आयुष्यभर त्यांनी पूल बांधले. आमच्या बैठकीच्या खोलीखाली त्यांची बैठकीची खोली आणि तीत त्यांची काचेची मासेपेटी.

‘‘सूनबाई, भार किती?’’ त्यांनी दारातच विचारले.

‘‘दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस किलो, काका.’’

‘‘तो झाला निजलेला भार. आपटला तर?’’

‘‘आपटणार नाही.’’

‘‘सगळे असंच म्हणतात. पूलसुद्धा असंच म्हणतात.’’

मग आम्ही दोघे टेबलाशी बसलो. किती उंचीवरून, किती वेगाने, रबराची चटई टाकली तर किती कमी. खरे सांगते, इतकी सुंदर संध्याकाळ मी किती दिवसांत अनुभवली नव्हती. काका शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, ‘‘स्लॅबला धोका नाही. पण माझ्या माशांना दचकायची सवय आहे.’’ दोन चटया टाकायचे ठरले. एक स्लॅबसाठी, एक माशांसाठी.

दुसरे आले इमारतीचे सेक्रेटरी. ‘‘वहिनी, राहत्या घरात व्यवसाय करायचा तर परवानगी लागते.’’

‘‘अहो, मी एकटीच व्यायाम करणार आहे.’’

‘‘सुरुवातीला सगळे एकटेच असतात,’’ ते अनुभवी स्वरात म्हणाले. ‘‘मग एक मैत्रीण येते, मग आरसे येतात, मग गाणी लागतात.’’ मी आरसे आणि गाणी आणणार नाही असे लिहून दिले. कागदाची घडी घालून जाता जाता ते हळूच म्हणाले, ‘‘पण समजा काढलीतच, तर इमारतीतल्यांना सवलत असेल ना?’’

आता दुकान. मी विकत घेण्यापूर्वी वस्तू हातात धरणारी बाई आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानातला विक्रेता स्वतःच दुकानाची जाहिरात होता. त्याचे दंड बाह्यांत मावत नव्हते.

‘‘ताई, उचलून बघा, कसं वाटतं ते बघा.’’

‘‘दहा म्हणजे नक्की किती?’’

‘‘दहा म्हणजे दहा.’’

‘‘कमी-जास्त किती धरायचं?’’

त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने, ‘मी फक्त पिशवी धरायला आलो आहे’ असा चेहरा केला.

‘‘ताई,’’ विक्रेता म्हणाला, ‘‘वीस वर्षं डंबेल विकतोय. रंग विचारतात, घरपोच देता का विचारतात. हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही.’’

मला हे कौतुक वाटले. आता विचार केल्यावर तसे ते नसावे. पण डायल फिरवला तेव्हा जो ‘कट्’ असा आवाज आला, त्याने माझा निकाल लागला. उत्तम खाच उत्तम खोबणीत बसल्याचा तो आवाज! मी त्याच्याकडून डायल पुन्हा पुन्हा फिरवून घेतला. शेवटी तो म्हणाला, ‘‘ताई, घ्या तरी.’’ घेतले. जोडी घरपोच येणार होती.

जोडीतले एक आले. ‘‘दुसरं मागून येतंय,’’ खोके आणणारा म्हणाला आणि ते फाटकातच ठेवून पसार झाला. लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी स्वतः लावलेली पाटी आहे: माल नेण्यास सक्त मनाई. त्या लिफ्टमधून पूलकाकांचे शंभर किलोचे मेव्हणे जातात, कारण ते माल नाहीत. माझे चोवीस किलोचे खोके मात्र माल. नवरा आणि मी ते जिन्याने वर नेऊ लागलो. पहिल्या मजल्यावर एका काकूंनी कमरेतून वाकू नका म्हणून सांगितले. दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी कमरेतूनच वाका म्हणून सांगितले. तिसऱ्यावर पूलकाका दार उघडून उभे होते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, ‘‘हे निजलेलंच आहे ना?’’ चौथ्यावर पोहोचलो तेव्हा आम्हीच निजायच्या बेतात होतो.

पण काय वस्तू होती! मी रोज चार किलोवर डायल लावून डावा हात उचलू लागले, मग सहावर गेले. खांदा कुरकुरे, पण ऐके. सगळे सुरळीत चालले असताना मला एक प्रश्न पडला. तो तुम्हाला पडला नसता. म्हणूनच तुम्ही सुखी आहात. डायल दहा म्हणतो, पण ते दहा आहे का?

घरच्या वजनकाट्यावर मी आधी नुसती उभी राहिले, मग डंबेल घेऊन उभी राहिले. काटा एकदा नऊ म्हणाला, एकदा साडेदहा. सासूबाई उभ्या राहिल्या तर त्यांना तो मी समजला. असला साक्षीदार काय कामाचा? मी काट्याला नालायक ठरवून माळ्यावर टाकले आणि डंबेल चाकाच्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले. दुपारच्या सुट्टीत गुपचूप तोलावे, संध्याकाळी घरी आणावे, एवढाच बेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फाटकावर पहारेकरीण बाईंनी पिशवी उघडली. ‘‘मॅडम, हे वजन आहे.’’

‘‘डंबेल आहे.’’

‘‘त्याच्यावर किलो लिहिलंय. किलो लिहिलेली वस्तू आत जायची तर तपासणीसाठी आली म्हणून घ्यायची. चिठ्ठी चिकटवायची. अहवाल झाल्याशिवाय बाहेर सोडायची नाही.’’

‘‘अहो, पण ती माझी आहे.’’

‘‘मग तर तुम्ही तपासायचीच नाही. ज्याची वस्तू त्याने हात लावायचा नाही.’’ आणि मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, ‘‘मॅडम, नियम तुम्हीच केलाय ना?’’

मीच केला होता. साहेबांना पटवून, हट्टाने केला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे? डंबेलला पिवळी चिठ्ठी चिकटली आणि ते माझ्या डोळ्यांदेखत काचेच्या कपाटात जाऊन बसले. तपासणार कोण, तर राहूद्या. आणि राहूद्या रजेवर, कारण दोन्ही मुलींना एकदम कांजिण्या. मी रोज कपाटासमोरून जाई. तुरुंगात नातेवाईक असल्यासारखे वाटे.

इकडे घरी व्यायाम बंद पडला. दुसरे डंबेल यायला बराच उशीर झाला आणि आले तेव्हा मी चारावर डायल लावून उचलले, तर हात लटलट कापू लागला. चारावर! जे मी आधी हसत उचलत होते!

सासूबाईंनीही दोन्ही हातांनी उचलून पाहिले. ‘‘अगं, हे आधीच्यापेक्षा जड आहे.’’

‘‘आई, तसं वाटतं,’’ मी शांतपणे म्हटले. ‘‘मध्ये खंड पडला की स्नायू विसरतात. वाटणं म्हणजे मोजणं नव्हे.’’ आणि मग मी त्यांना माणसाच्या जाणिवा किती फसव्या असतात यावर थोडे सांगितले. थोडे म्हणजे त्यांचा चहा गार होईपर्यंत.

‘‘बरं,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचेही ‘बरं’ मला तेव्हा नीट ऐकू आले नाही.

मात्र त्या दिवसापासून त्यांनी माझा ताबा घेतला. परीक्षेची तारीख त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. ‘‘सही तुझीच राहिली पाहिजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला खात्याने फोन जोडायच्या बोर्डावरून काढून खालच्या मजल्यावर चौकशीला बसवलं होतं. आवाज थकला म्हणून. मी परत गेले होते की नाही बोर्डावर?’’ हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. मी मान हलवली आणि डंबेल उचलले.

रोज संध्याकाळी त्या घड्याळ घेऊन खुर्चीत बसत. मी चटईवर. सोफ्यावर नवरा, पायांत जाड बूट घालून, अंगठ्यांच्या काळजीने. हात खाली यायला लागला की तो जुना, गोड, निर्दय आवाज यायचा, ‘‘तीन मिनिटं झाली. वाढवायची का?’’ या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी वाढवायची. चाराचे सहा झाले, सहाचे दहा, बारा. मग मी खरी तालीम सुरू केली: डंबेल दोन्ही हातांनी चटईवरून उचलायचे आणि जेवणाच्या टेबलावर आवाज न करता ठेवायचे. आवाज झालाच तर खालून छताला काठीची टकटक येई. मासे दचकले.

राहूद्या रजेवरून आला आणि त्याने माझ्या कैद्याची तपासणी केली. अहवाल घेऊन तो अदबीने समोर उभा राहिला. ‘‘मॅडम, दहावर लावलं तर नऊ किलो सातशे भरतंय. वीसवर एकोणीस चारशे. हलकंच आहे सगळीकडे.’’

म्हणजे कंपनीचा मालच हलका. म्हणजे घरी मी जे सोळा उचलते आहे ते खरे साडेपंधरा. आणि सोळाच्या पुढे माझी गाडी जात नव्हती. अठरावर लावले की डंबेल चटईला चिकटून बसे, जणू ते पूलकाकांच्या स्लॅबमध्ये ओतलेले आहे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी अठरावर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ते हलले नाही.

‘‘वीस उचलायचे आहेत आणि येतात साडेपंधरा,’’ मी खाली बसून म्हटले. ‘‘आकडे स्पष्ट आहेत, आई.’’

सासूबाईंनी घड्याळ बाजूला ठेवले. ‘‘उद्या जाऊन लाइन तर जोड. पलीकडून काय बोलतात ते मग बघू.’’

परीक्षक म्हणून आल्या त्या एक बाई निघाल्या. पांढरे केस, कापडी बूट, कुठेही चाहूल न देता हजर होणाऱ्या. आल्या आल्या त्यांची नजर काचेच्या कपाटावर गेली, कारण अहवाल झाला तरी सुटकेची साहेबांची सही राहिलीच होती.

‘‘हे डंबेल कोणाचं?’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. राहूद्याने छताकडे पाहिले. मी सांगितले. फाटकापासून कपाटापर्यंत सर्व सांगितले. परीक्षकबाईंच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही. ‘‘तुमची वस्तू तुमच्याच नियमाने अडकवली आणि तुम्ही सोडवून घेतली नाहीत?’’

‘‘कशी घेणार?’’

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता वीस किलो दाखवा. तुम्ही.’’

मी हातमोजे चढवले. ते चकचकीत वजन आपल्या जागी बसले होते, डोक्यावरचे बोंड वर करून. ‘दहा किलोपर्यंत तुमची सही.’ मी गुडघे वाकवले, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे बरोबर होते. शेजारी हालचाल झाली.

‘‘मॅडम, राहू—’’

त्याने स्वतःच जीभ चावली. मी उचलले.

ते उठले. नुसते उठले नाही, तर इतके सहज उठले की मला क्षणभर शंका आली, कोणी पोकळ वजन तर ठेवले नाही? मी ते पाटावर मध्यभागी टेकवले. आवाज झाला नाही. तराजूचे आकडे जरा थरथरले आणि थांबले. पण एकदा ठेवून भागत नाही. आपले प्रमाण वजन, मग तपासायचे वजन, पुन्हा तेच, मग परत आपले, अशी उचल-ठेव चालते. आणि शेजारी श्वाससुद्धा जोरात टाकायचा नाही, तराजूला वारा लागतो. तिसऱ्या खेपेला डावा खांदा बोलू लागला. शेवटच्या खेपेला तो ओरडू लागला. वजन अर्ध्यावर होते, कपाळावरचा घाम भुवईपाशी आला होता, आणि माझ्या कानात अगदी स्वच्छ आवाज आला: तीन मिनिटं झाली. वाढवायची का?

वाढवा, मी मनात म्हटले.

पाटावर वजन टेकले. आकडा थांबला. परीक्षकबाईंनी तो टिपून घेतला, पेनाचे टोपण लावले आणि म्हणाल्या, ‘‘पुढचं.’’ बस्स. एवढ्या महिन्यांच्या लढाईचा जाहीरनामा एका शब्दाचा. पण साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडून पुन्हा लिहिले. राहूद्या माझ्याकडे असा पाहत होता, जसा तो मुली पहिल्यांदा चालल्या तेव्हा पाहत असणार. मग तो हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, माझ्या दोघींना कडेवर घेऊन दाखवाल का एकदा?’’

संध्याकाळी माझे डंबेल सुटले. मी ते घरी आणले, लिफ्टने. सेक्रेटरी लिफ्टमध्येच भेटले. ‘‘हा माल आहे का?’’ त्यांनी विचारले. ‘‘प्रमाणित माल आहे,’’ मी म्हटले, तर ते बाजूला सरकले.

घरी पहिल्यांदाच जोडीची जोडी झाली. दोन डंबेल शेजारी शेजारी, दोन्हींचे डायल सोळावर. विजयी मुद्रेने मी दोन हातांत दोन उचलायला गेले आणि माझे जहाज एका अंगाला कलले. पहिले जरा सुटले. दुसरे जागचे हलेना. नवऱ्याने पाय सोफ्यावर घेतले.

‘‘थांब,’’ मी म्हटले. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी आधी एक, मग दुसरे बाजूला काढून खाली राहिलेल्या चकत्यांकडे पाहिले. पहिल्याच्या खोबणीत जेवढ्या चकत्या उरल्या होत्या, त्याहून दुसऱ्याच्या खोबणीत कमी उरल्या होत्या. डायल तोच, आकडा तोच. मी दुसऱ्याचा डायल निरखून पाहिला. कारखान्यात कोणीतरी तो दोन खाचा पुढे बसवला होता. सोळा म्हटले की तो मुकाट्याने वीसच्या चकत्या उचलत होता. चार म्हटले की आठच्या. जे अठरा मला हलेना, ते बावीस होते.

मी इतके दिवस वीस उचलत होते. रोज. टेबलावर. माशांना न दचकवता.

शितावरून भाताची परीक्षा करू नये, एक नमुना हलका निघाला म्हणून सगळा माल हलका समजू नये, हे मी दरवर्षी नव्या लोकांना फळ्यासमोर उभी राहून शिकवते. आणि माझ्या स्वतःच्या बैठकीत, रोज समोर पडलेल्या चकत्या मला मोजाव्याशा वाटल्या नाहीत! काट्याची चूक काढून त्याला माळ्यावर टाकणारी मी!

‘‘मी म्हटलं होतं, हे जड आहे,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘हो, आई.’’

‘‘तू म्हणालीस, वाटणं म्हणजे मोजणं नव्हे.’’

‘‘हो, आई.’’

‘‘चहा गार झाला होता माझा.’’

मी उठून त्यांच्यासाठी ताजा चहा केला. त्याशिवाय त्या फोन सोडणार नव्हत्या; कारण एव्हाना त्यांनी कंपनीचा नंबर फिरवला होता आणि तक्रारी ऐकणाऱ्या मुलीला धारेवर धरले होते. ‘‘बाळ, थांबवून ठेवण्याआधी विचारायचं असतं. आणि गाणं नको लावू. माणूस फोनवर आहे, वरातीत नाही. हं, आता जोडते, सुनेशी बोल.’’

मी फोन घेतला. माझे कर्तव्य स्पष्ट होते. किलोमागे केसाएवढा फरक पडला तरी मी कारखानेच्या कारखाने नापास केले आहेत. इथे तर चार किलोंची ठळक, धडधडीत चूक. मी सगळे नीट सांगितले: कुठला डायल, किती खाचा, प्रत्येक आकड्याला किती जास्त. यापुढच्या प्रत्येक डायलची तपासणी करा असे बजावले. मुलगी घाबरून म्हणाली, ‘‘सॉरी मॅडम, कारखान्यात लगेच कळवते. आणि तुमचं डंबेल उद्याच घेऊन जातो. नवीन, अगदी बरोबर वजनाचं पाठवतो.’’

मी चटईकडे पाहिले. सासूबाई चहाचा कप बाजूला ठेवून, त्याच चुकीच्या डंबेलवर हात ठेवून बसल्या होत्या, जसा कोणी आपल्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवतो. डायल सोळावर होता. घड्याळ मांडीवर होते. त्यांनी भुवई वर करून मला विचारले, आज वाढवायची का?

‘‘मॅडम?’’ फोनवरची मुलगी म्हणाली. ‘‘पाठवू का माणूस?’’

‘‘नको,’’ मी म्हटले. ‘‘राहू द्या.’’